झिजलेले पुढचे दात : कॅप बसवायची एवढी घाई कशाला?

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत एक शिक्षिका दवाखान्यात आल्या. वय 46. बसल्याबरोबर त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे सरकवला. दुसऱ्या एका दवाखान्यातलं कोटेशन होतं. वरचे पुढचे सहा दात, रूट कॅनाल सहा, झिर्कोनिया कॅप सहा, सगळं दहा दिवसांत. वर रंगीत अक्षरांत ‘स्माईल मेकओव्हर’ लिहिलेलं. मुलीचं लग्न माघात, म्हणजे अकरा आठवड्यांवर आलेलं.

“डॉक्टर, माझा एकही दात दुखत नाही. थंड पाणी लागलं की थोडं शिवशिवतं, एवढंच. मग सहा रूट कॅनाल कशासाठी?”

प्रश्न अगदी बरोबर होता. जिथे विचारायला हवा होता तिथे मात्र त्यांना तो विचारता आला नव्हता. खुर्चीत आडवं होऊन तोंड उघडं ठेवलेल्या माणसाला प्रश्न सुचतो तो घरी गेल्यावर.

हा लेख मी थोडा रागातच लिहितोय, हे आधीच सांगून टाकतो. असे कागद मला वरचेवर बघायला मिळतात. दात झिजून आखूड झालेले असतात, पण जिवंत असतात, हलत नसतात, हिरड्याही बऱ्या असतात. आणि उपाय काय, तर जो दात उरलाय तोही घासून टाकायचा! झिजलेल्या दाताचं दुखणं काय आहे? दात कमी झालाय, हेच ना? मग तो आणखी कमी करणं हा त्यावरचा इलाज कसा काय झाला?

माझं म्हणणं असं की, पुढचे दात झिजलेल्या बहुतेक पेशंटना कॅपच्या आधी जागा हवी असते. ती जागा तारा लावून किंवा अलायनर वापरून, दात सरकवून करता येते. जागा झाली की गेलेला भाग दाताला फारसा हात न लावता, दाताच्याच रंगाच्या कंपोझिटने पुन्हा बांधता येतो. यात वेळ जातो, हे खरं. पण दात शाबूत राहतो.

झिजलेल्या दाताची जागा जाते कुठे?

वरच्या मधल्या दोन पटाशीच्या दातांची दिसणारी उंची साधारण साडेदहा ते अकरा मिलिमीटर असते आणि रुंदी साडेआठच्या आसपास. म्हणजे दात उभट दिसतो. बाईंचे मधले दात साडेसहा मिलिमीटरवर आले होते. आडव्या ठेवलेल्या विटेसारखे दिसत होते. कडेला पांढरं इनॅमल संपून आतलं पिवळसर डेंटिन उघडं पडलेलं. इनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, पण एकदा गेला की पुन्हा तयार होत नाही. डेंटिन त्याहून मऊ, त्यामुळे ते उघडं पडलं की झिजण्याचा वेग वाढतो.

आता साधा हिशोब करा. वरचा दात चार मिलिमीटर झिजला, तर तोंड मिटल्यावर वरच्या आणि खालच्या दातांत चार मिलिमीटरची फट दिसायला हवी. तशी दिसत नाही. बाईंचे वरचे-खालचे दात एकमेकांना छान टेकत होते. कारण झिजणारा दात गप्प बसत नाही. तो समोरच्या दाताला भेटायला हळूहळू हाडातून बाहेर येत राहतो, वर्षानुवर्षं. आणि एकटा येत नाही, आपलं हाड आणि हिरडी सोबत घेऊन येतो. तुम्ही कसे हसता याच्याशी निसर्गाला काही घेणंदेणं नाही. घास तोडता आला पाहिजे, एवढंच त्याला कळतं.

हे घरच्या घरी बघता येतं. आरशासमोर उभं राहून ओठ वर करा. दातांच्या टोकांकडे बघू नका, हिरडीची कमान बघा. निरोगी हसण्यात मधल्या दोन दातांची हिरडी सुळ्यांच्या हिरडीच्या साधारण बरोबरीने असते. एखादा दात झिजून खाली सरकला असेल तर त्याची हिरडीही खाली उतरलेली दिसते. बाईंच्या चार दातांची उतरली होती.

म्हणजे झिजेचा पुरावा दाताच्या टोकाशी जेवढा असतो, तेवढाच हिरडीपाशीही असतो. नुसत्या टोकाकडे बघून उपचार ठरवणारा डॉक्टर अर्धीच तक्रार ऐकतोय.

टोपीचं गणित

समजा, या आखूड दाताला कॅप बसवायचीच आहे. कॅपला स्वतःची जाडी असते. समोरून, मागून, टोकाला, सगळीकडून. पण मागे जागाच नाही, खालचा दात येऊन टेकलाय. मग जागा कुठून आणायची? दात घासून. चारी बाजूंनी घासल्यावर जो खुंट उरतो तो इतका आखूड होतो की त्यावर कॅप धरून राहत नाही.

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवलेली तुम्ही पाहिली असेल. धाव लाकडाला घट्ट आवळते म्हणून चाक टिकतं. लाकूडच कुजून पातळ झालं तर धाव कितीही चांगल्या लोखंडाची असो, ती निसटणारच. कॅपचंही तसंच आहे. तिच्या कडेखाली सगळीकडून निदान दीड-दोन मिलिमीटर उंचीची दाताची भिंत लागते. ती नसली की डॉक्टर दाताच्या मुळात खुंटी ठोकतात, म्हणजे ‘पोस्ट’ बसवतात. आणि मुळात खुंटी ठोकायची तर आतली नस काढावी लागते.

बाईंच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. ते सहा रूट कॅनाल कुठल्याही रोगासाठी लिहिलेले नव्हते, कॅपच्या सोयीसाठी लिहिलेले होते. जिवंत, न दुखणारे सहा दात मारायचे, कारण त्यांच्यावर घालायच्या टोप्यांना पकड हवी.

कॅपसाठी दाताचा किती भाग जातो? 2002 साली एडेलहॉफ आणि सोरेन्सन यांनी वेगवेगळ्या पद्धतींसाठी पुढचे दात घासून, वजनातल्या फरकावरून हे मोजलं. पूर्ण कॅपसाठी दाताच्या वरच्या भागातला 63 ते 72 टक्के भाग जातो, असं दिसलं. समोरून चिकटवायच्या पातळ व्हेनिअरसाठी, पद्धतीनुसार, 3 ते 30 टक्के. हे पूर्ण उंचीच्या दाताचे आकडे आहेत. आधीच अर्धा झालेल्या दातातून एवढं काढल्यावर काय उरत असेल, त्याचा अंदाज तुम्हीच करा.

आणखी एक उपाय सुचवला जातो. हिरडी आणि थोडं हाड कापून दात ‘लांब’ करायचा. याला क्राऊन लेंग्दनिंग म्हणतात. काही ठिकाणी तो योग्यही असतो. पण झिजून खाली सरकलेल्या दातावर हे करणं म्हणजे ज्या हाडाचा त्याला आधार आहे तेच कमी करणं. शिवाय दात मुळाकडे निमुळता असतो. हिरडी वर गेली की दोन दातांच्या मध्ये काळे त्रिकोण दिसायला लागतात.

आता चिकटवता येतं, हे आपण विसरलोय का?

दात घासून, त्याला विशिष्ट आकार देऊन वर टोपी ठोकायची, ही विद्या अशा काळातली आहे जेव्हा दाताला काही चिकटवताच येत नव्हतं. सगळी मदार आकारावर आणि घर्षणावर असायची. 1955 साली मायकेल बुओनोकोर यांनी दाखवलं की, इनॅमलवर थोडा वेळ फॉस्फोरिक आम्ल लावून धुतलं तर त्यावर सूक्ष्म खाचखळगे तयार होतात आणि रेझिन त्यात घट्ट रुतून बसतं. आजचं सगळं चिकटवायचं दंतवैद्यक तिथून सुरू होतं.

झिजलेल्या दाताच्या भोवती बहुतेक वेळा इनॅमलचं एक कडं शिल्लक असतं. मधलं डेंटिन खोलगट झालेलं आणि बाजूने पांढरी चकचकीत कड. चिकटवण्यासाठी यापेक्षा चांगली जागा तोंडात दुसरी नाही. आणि कॅपसाठी घासताना पहिला बळी जातो तो नेमका याच कड्याचा. माझा राग आहे तो इथे. कॅप वाईट नाही. पण सत्तर वर्षांपूर्वी जी अडचण सुटली, तिच्यासाठी आजही निरोगी दात कापला जातो.

तारा कशासाठी? दात तर वाकडे नाहीत!

बाईंचा पुढचा प्रश्न हाच होता. तारा म्हणजे वाकडे दात सरळ करायच्या, आणि त्याही शाळा-कॉलेजच्या वयात, असा आपला समज आहे. त्या म्हणाल्या, “या वयात तारा? वर्गातली पोरं हसतील मला.”

इथे तारांचं काम वेगळं आहे. जे दात झिजत झिजत हाडातून बाहेर आले, त्यांना पुन्हा आत, आपल्या मूळ पातळीला नेऊन बसवायचं. अगदी हलका दाब, महिनोन्‌महिने. दात आत जातो तशी हिरडीही त्याच्याबरोबर वर सरकते. हिरडीची कमान पुन्हा सरळ होते, टोकाशी जागा तयार होते, आणि त्या जागेत गेलेला भाग बांधता येतो. म्हणजे निसर्गाने इतकी वर्षं जे केलं, ते आपण एका वर्षात उलट फिरवतो. दात कापला जात नाही, हाडही कापावं लागत नाही.

सिॲटलचे ऑर्थोडॉन्टिस्ट व्हिन्सेंट कोकिच यांनी ही गोष्ट आयुष्यभर शिकवली. तारा लावणारा आणि दात बांधणारा या दोघांनी उपचार सुरू होण्याआधीच एकत्र बसून शेवटचं चित्र ठरवायला हवं, हा त्यांचा आग्रह होता. यातला एक मुद्दा पेशंटनेही समजून घ्यावा असा आहे. दातावर चिकटवायचं ब्रॅकेट एरवी दाताच्या टोकापासून मोजून लावतात. झिजलेल्या दाताचं टोक खरं टोकच नाही. तिथून मोजलं तर तारेने टोकं एका रेषेत येतील आणि हिरड्या आणखी वरखाली होतील. म्हणून अशा दातांवर ब्रॅकेट लावताना नजर हिरडीच्या रेषेवर ठेवावी लागते. शेवटी टोकं वेडीवाकडी दिसली तरी चालतात, ती कंपोझिटने सरळ होणारच असतात.

आता आपल्याकडचं वास्तव. तारा लावणारे डॉक्टर आठवड्यातून एकदा एका दवाखान्यात येतात, तिथून पुढच्या दवाखान्यात जातात. कॅप बसवणारे वेगळे, रूट कॅनाल करणारे वेगळे. तिघांची गाठ पडते ती चिठ्ठीवर. ‘कृपया ॲलाइन करून द्या.’ ‘केलं.’ दात एका रांगेत येतात, तारा निघतात, आणि मग लक्षात येतं की दात बांधायला जागा ठेवलेलीच नाही. मग काय, पुन्हा घासा! अशा ‘पूर्ण झालेल्या’ केसेस मी पाहिल्या आहेत. दोघांनीही आपापलं काम नीट केलेलं असतं, तरी पेशंट फसलेला असतो.

आणि पैशाचंही बोललं पाहिजे. कॅपचा हिशोब दातामागे होतो. सहा दात, सहा कॅप, सहा रूट कॅनाल. दोन डॉक्टरांनी अर्धा तास मॉडेल हातात धरून विचार केला, त्याचं बिल कुठे आणि कसं लावायचं? आपल्याकडे लोक विचाराचे पैसे देत नाहीत, वस्तूचे देतात. म्हणून वस्तू विकली जाते. यात सगळा दोष डॉक्टरांचाच आहे, असं मी म्हणणार नाही.

तारांशिवाय जागा करता येते का?

काही वेळा येते, आणि ही पद्धतही पन्नास वर्षं जुनी आहे. ऑस्लोच्या ब्यॉर्न डाल यांनी 1975 साली सहकाऱ्यांसोबत एक केस छापली. पुढचे दात खूप झिजलेल्या पेशंटला त्यांनी वरच्या पुढच्या दातांच्या मागे बसणारी धातूची काढघालीची पट्टी दिली. तोंड मिटलं की खालचे दात फक्त या पट्टीवर टेकत, मागच्या दाढा अधांतरी राहत. काही महिन्यांत पुढचे दात थोडे आत गेले, दाढा थोड्या बाहेर आल्या आणि एकमेकींना भेटल्या. पट्टी काढल्यावर पुढे तिच्या जाडीएवढी जागा तयार! दंतवैद्यकात याला डाल तत्त्व म्हणतात.

आज पट्टीची गरज पडत नाही. झिजलेल्या दातांवरच कंपोझिट उंच बांधतात आणि दाढांना खाली यायला वेळ देतात. पहिले काही आठवडे जेवताना विचित्र वाटतं, भाजी-पोळी चावता येत नाही, ‘स’ आणि ‘श’ अडखळतात. बहुतेकांच्या दाढा काही महिन्यांत टेकतात, काहींना वर्ष किंवा त्याहून जास्त लागतं.

मग सगळ्यांना हेच का करू नये? कारण यात दात फक्त वर-खाली होतात. हिरडीची वाकडी कमान, पुढे आलेले किंवा दाटीवाटीने उभे असलेले दात, एकाच बाजूला जास्त झालेली झीज, यावर आपला ताबा राहत नाही. तिथे तारा किंवा अलायनरच हवेत. ज्यांच्या हिरड्यांना मोठा आजार आहे, जबड्याचा सांधा दुखतो, दाढांच्या जागी इम्प्लांट आहेत किंवा हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही विशिष्ट औषधं चालू आहेत, त्यांच्यासाठी ही पद्धत जपून किंवा अजिबात नाही. इम्प्लांट तर जागचा हलतच नाही.

आणि लग्नाचं काय?

बाईंना मी खरं ते सांगितलं. लग्नापर्यंत नवे दात होणार नाहीत. तुटक्या, धारदार कडा गुळगुळीत करून देईन, शिवशिवणं थांबवेन. बाकीचं लग्नानंतर. त्या चार दिवस विचार करून आल्या. सोबत मुलगी होती, आणि बोलली तीच. “आईचे दात मी लहानपणापासून असेच बघतेय. माझ्या फोटोसाठी तिने दात मारून घ्यावेत असं मला नाही वाटत, डॉक्टर.”

लग्नानंतर तारा लागल्या. माझा ऑर्थोडॉन्टिस्ट मित्र आणि मी, आम्ही आधी मॉडेलवर मेणाने दात बांधून बघितले, किती जागा लागेल ते ठरवलं, मगच त्याने ब्रॅकेट लावली. अकरा महिने गेले. त्यात एकदा ब्रॅकेट निघालं, एकदा तार गालाला लागून फोड आला, आणि परीक्षेच्या हंगामात बाई दोन महिने फिरकल्याच नाहीत. जागा झाल्यावर काही महिने दात तसेच धरून ठेवले, कारण आत ढकललेला दात लगेच मोकळा सोडला तर परत बाहेर येतो. मग दोन बैठकांत वरच्या चार आणि खालच्या चार दातांवर कंपोझिट बांधलं. एकही रूट कॅनाल नाही. भूल द्यावी लागली नाही.

या मार्गाच्या उण्या बाजू लपवण्यात अर्थ नाही. दात आत ढकलताना मुळांची टोकं थोडी झिजू शकतात, म्हणून मध्ये एक्स-रे काढावे लागतात. ज्यांच्या हिरड्यांतून पू येतो त्यांना आधी तो उपचार, नंतर तारा. कंपोझिट चहाने डागाळतं, त्याची चकाकी कमी होते, कोपरे उडतात. दर काही वर्षांनी डागडुजी लागते. झिर्कोनिया सहसा तुटत नाही, हे अगदी खरं. पण ती पकडून ठेवणारा खुंट तुटतो! कंपोझिटचा कोपरा उडाला तर वीस मिनिटांत परत भरता येतो. कॅपखालचा दात हिरडीपाशी मोडला तर बहुतेक वेळा तो दात काढावाच लागतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका तिशीतल्या तरुणाच्या चार झिजलेल्या दातांना मी अगदी असाच उपचार केला होता. चार रूट कॅनाल, चार पोस्ट, चार कॅप. तो खूश, मी त्याहून खूश. फोटो काढून भिंतीवर लावला होता. सहा वर्षांनी मक्याचं कणीस खाताना एक दात कॅपसकट त्याच्या हातात आला. वर्षभरात दुसरा. तो तरुण माझ्यावर चिडलाही नाही. “दात आधीपासूनच कमकुवत होते ना, डॉक्टर?” असं त्यानेच मला विचारलं. नव्हते. मी ते केले होते. फोटो त्या दिवशी काढून टाकला.

झीज का झाली, हे कुणी विचारलं का?

बाईंच्या त्या कोटेशनमध्ये कारणाबद्दल एक शब्द नव्हता. कारण शोधायला एक्स-रे लागला नाही, दहा मिनिटं गप्पा लागल्या. सात-आठ वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी गरम पाण्यात लिंबू आणि मध, आणि त्यानंतर लगेच ब्रश! तोंडातली आम्लता वाढून पीएच साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं. लिंबाच्या रसाचा पीएच दोन ते तीनच्या मधला असतो. आम्लाने मऊ झालेल्या इनॅमलवर ताबडतोब ब्रश फिरवला तर ते जास्त झिजतं. त्यात त्या रात्री झोपेत दात खात होत्या, हे त्यांच्या यजमानांनी सांगितलं.

दुसऱ्या कुणाचं कारण वेगळं असेल. कुणाला पित्त उलटून घशात येतं, पोटातलं आम्ल लिंबापेक्षाही तीव्र असतं. कुणी दिवसभर कोल्ड्रिंकचे घोट घेत बसतं. मिश्री आणि राखुंडीने दात घासणारे आजही भरपूर आहेत. कुणी वर्षानुवर्षं दाताने दोरा तोडत असतं. कुणाच्या मागच्या दाढा काढलेल्या असतात आणि सगळं चावणं पुढच्या दातांवर येऊन पडतं. अशा माणसाला पुढे काहीही बांधून द्या, मागे दाढा बसवल्याशिवाय टिकणार नाही. कारण तसंच ठेवून केलेली कॅप असो की कंपोझिट, दोन्ही वाया. लिंबू-पाणी पिऊच नका असं मी म्हणत नाही. झटकन प्या, साध्या पाण्याने चूळ भरा, आणि त्यानंतर निदान अर्धा तास ब्रशला हात लावू नका.

कॅप कधी योग्य? दात आधीच किडून किंवा अपघाताने मोडला असेल, रूट कॅनाल खरोखरच झालेला असेल, चिकटवायला इनॅमलच उरलं नसेल, तेव्हा कॅपसारखा उपाय नाही. पण तेव्हाही आधी जागा केलेली असेल तर कमी घासावं लागतं. सगळ्या तोंडातले दात झिजले असतील तर प्रकरण निराळं, तिथे संपूर्ण चाव्याची उंची नव्याने ठरवावी लागते. त्यावर वेगळा लेख लिहावा लागेल.

तुमच्या हातात असा कागद पडला तर घाबरू नका, भांडूही नका. चार गोष्टी शांतपणे विचारा. माझ्या दाताची नस जिवंत आहे का, आणि असेल तर रूट कॅनाल रोगासाठी करताय की कॅपसाठी? माझे दात कशाने झिजले? घासण्याऐवजी सरकवून जागा करता येईल का, आणि त्याबद्दल ऑर्थोडॉन्टिस्टशी तुमचं बोलणं झालंय का? आणि हे बिघडलं तर पुढचा उपाय काय असेल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘परत भरू’ असं असेल तर ठीक. ‘मग इम्प्लांट’ असं असेल तर घरी जा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत तारांचा विभाग आणि दात बांधण्याचे विभाग एकाच छताखाली आहेत. रांग लावावी लागते, फेऱ्या जास्त होतात. पण तिथे दोन विभागांना एकमेकांशी बोलायला लावणं तुलनेने सोपं जातं.

परवा बाई आल्या होत्या. संक्रांतीला चिक्की खाताना वरच्या डाव्या दाताचा कोपरा उडाला होता. वीस मिनिटांत भरला. जाताना मी नेहमीचं विचारलं, रात्री नाईट गार्ड घालता ना?

“खरं सांगू, डॉक्टर? आठवड्यातून तीन रात्री.”

यजमान मागून म्हणाले, “दोन.”